विहिरीतलं अर्थिंग

माझ्या धंद्यातलं निम्मं काम हातानं व्हायचं आणि निम्मं ओरडून. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, रेडिओ दुरुस्त करणारा म्हणजे नाकावर चष्मा, समोर उघडा डबा आणि सोल्डरिंगचा धूर. ते झालं दुकानातलं. पण दुकानात ठणठणीत वाजलेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या घरी गेला की रुसायचा. मग आम्ही त्याच्या मागं त्याच्या घरी. एकानं पत्र्यावर चढून एरियलची काठी फिरवायची, दुसऱ्यानं खाली डायलपाशी कान लावून बसायचं. वरचा ओरडणार, "आलं का?" खालचा ओरडणार, "न्हाई, गेलं! जरा मागं घे!" वरचा पुन्हा, "आता आलं का?" असं अर्धी गल्ली गोळा होईपर्यंत चालायचं.

ह्या ओरडण्याचा एक कायदा होता. तो मला माझ्या उस्तादांनी शिकवला. हबीबमियाँ त्यांचं नाव, नांदेडात जुन्या गल्लीत त्यांचं दुकान. निजामाच्या अमलापासून रेडिओ उघडत आलेला माणूस. तोंडानं फटकळ, हातानं देवमाणूस. त्यांच्याकडं शिकायला लागलो तेव्हा एकदा ते पत्र्यावर होते आणि मी खाली. गाणं लागलं तसा मी खूश होऊन आधी आवाज वाढवला. उस्ताद खाली उतरले आणि माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. म्हणाले, "ऊपर से पूछा तो पहले जवाब देना. बटन बाद में. जवाब नै मिला तो आदमी एक कदम और सरकता. वो एकच कदम खराब रहता, बेटा."

ती चपराक मी जन्मभर सांभाळली. पुढं लातुरात स्वतःचं दुकान टाकलं, हाताखाली माणसं आली, त्यांनाही हाच कायदा लावला. कुणी उत्तर न देता बटण फिरवलं की माझा पारा चढायचा. बायको म्हणायची, "रेडिओ दुरुस्त करता का पोलिसात हायात?" म्हणू दे.

आता अर्थिंग म्हणजे काय तेही सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या तारेवर उभी आहे. जुन्या, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हच्या रेडिओला वर एरियल लागायची तशी खाली जमीन लागायची. रेडिओच्या पाठीतून एक तांब्याची तार निघून अंगणातल्या खड्ड्यात जायची. खड्ड्यात कोळसा, मीठ, आणि वरून रोज तांब्याभर पाणी. जमीन ओली तर आवाज साफ, जमीन वाळली की खरखर. पुष्कळ घरांत सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं अर्थिंगला घालायची रीत होती. माझ्या ओळखीची एक म्हातारी तर त्या खड्ड्याला हळदकुंकूही वाहायची. दुष्काळ पडला की माणसांच्या आधी रेडिओचे घसे बसायचे ते ह्याच्यामुळं.

ह्या धंद्यात माणूस विचित्र गोष्टी बघतो आणि हसून सोडून देतो. किनवटच्या एका वसतिगृहातून रेडिओ आला होता, "आतून फुसफुस करतो" म्हणून. पाठ उघडली तर व्हॉल्व्हच्या उबेला नाग वेटोळं घालून बसलेला. बिलोलीला एका घरी गेलो तर वडील वारून थोडेच दिवस झालेले. रेडिओपुढं जेवणाचं ताट वाढलेलं, वर पेला झाकलेला. लेक म्हणाला, "बाबा बातम्या ऐकल्याबिगर जेवत न्हवते." मी ताट ओलांडून रेडिओ दुरुस्त केला. बातम्या लागल्या तशी घरातली सगळी माणसं खाली मान घालून उभी राहिली. असली कामं करून मी कधी घाबरलो नाही. मी भूतबित मानत नाही, आजही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर मला कुणी धरू नका.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. गावात नुसती लगबग. नवीन हापिसं, नवीन पाट्या, आज ह्या साहेबाचं उद्घाटन, उद्या त्या साहेबाचं. माझ्याकडं कर्ण्यांची रांग लागलेली. आणि पाऊस मात्र पाठ फिरवून बसलेला. टँकर आला की भाषण थांबायचं, माणसं खुर्च्या सोडून घागरी घेऊन पळायची. आमच्या गल्लीतला एक न्हावी म्हणायचा, "जिल्हा आला, आता पाणी आलं की झालं." एका भर दुपारी, मी कर्ण्यात तोंड घालून बसलो असताना, दारात सावली पडली.

"शरणार्थ, मिस्त्री."

वर बघितलं. कपाळावर विभूती, धोतर, खांद्यावर उपरणं, पोटाशी धडप्यात बांधलेलं मोठं गाठोडं. देवणीच्या पुढच्या एका गावचे किराणा दुकानदार, बसवंतअप्पा. गावाचं नाव मी सांगत नाही, अप्पांचंही हे खरं नाव नव्हे. गाठोडं सोडलं तर आत बॅटरीवरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. म्हणजे एके काळी रेडिओ होता. तळाची फळी वाळवीनं खाल्लेली, स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडलेला, डायलची दोरी गायब, गंज असा की हात लावला तर हात लाल.

मी म्हटलं, "अप्पा, हे आता चुलीत घाला. न्हाईतर असं करू, आतलं सगळं काढून ट्रान्झिस्टरचं घालतो. स्वस्तात होईल, आवाज दणदणीत."

"तसं नको. होता तसा करून पाहिजे. तेच व्हॉल्व्ह, तोच स्पीकर. आवाज होता तेवढाच. जास्ती न्हाई, कमी न्हाई."

"ह्याला लई खर्च येईल."

"तेवढी माझी ऐपत न्हाई. तुम्ही युक्तीनं करा."

मी वैतागलो. पैसे कमी आणि अट राजाची! म्हटलं, "अप्पा, आवाज वाढला तर तुमचं काय वाईट होतंय? लोक आवाज वाढवून मागतात!"

ते बाकावर बसले, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि मग रेडिओकडं बघत, माझ्याकडं न बघता, सांगायला लागले.

"बाहत्तरच्या दुष्काळात अर्थिंगला वतायला पाणी न्हवतं. मग मीच शक्कल काढली. तार लांब केली, टोकाला तांब्याचा गडू बांधला आन् परसातल्या विहिरीत सोडला. पायऱ्यांची विहीर हाय आमची. रेडिओ असा वाजाय लागला, काय सांगू! अख्खी गल्ली ऐकायला यायची. पर पाणी रोज खाली जायचं आन् गडू उघडा पडायचा. मग आमची निलव्वा उतरायची आन् गडू पाण्यात सरकवायची."

निलव्वा त्यांची बायको.

"त्या दिवशी दुपारची गाणी लागली होती. खरखर सुरू झाली. मी म्हणलो, निलव्वा, गडू बघ गं. ती गेली. जराशानं खरखर थांबली, गाणं एकदम साफ. मला लई ग्वाड वाटलं. मी आवाज वाढवला." अप्पा थांबले. "गाणी संपली. बाजारभाव संपले. मला भूक लागली, तवा तिला हाक मारली."

मी हातातला पाना खाली ठेवला. पुढचं त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. शेवाळलेल्या खालच्या पायरीवरून ती घसरली होती. डोकं खडकावर, आणि गडू धरलेला हात पाण्यात.

"माझी पोरगी, महानंदा, परसाच्या दारात खेळत होती. बारकी होती. पळत आली आन् म्हणली, 'अप्पा, आई विचारून राहिली, आलं का म्हणून.' मी म्हणलो, 'गप, रेडिओवरची बाई बोलून राहिली.' आता पोरगी लग्नाची झाली. बिलोलीला द्यायचं ठरलंय. पर माझ्याशी कामापुरतंच बोलती. तिचं म्हणणं, अप्पा, तुम्हाला आईची हाक ऐकू आली होती. उत्तर द्यायचा कंटाळा केलात. उत्तर आलं न्हाई म्हणून आई आणखी खाली उतरली. मी म्हणतो, न्हाई आली ऐकू. ती म्हणती, खरं बोलल्याबिगर मी जाताना तुमच्या पाया पडणार न्हाई, आन् परत ह्या घराचा उंबरा चढणार न्हाई."

"मग खरं काय?" मी विचारलं.

अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, मला सोताला ठाव न्हाई. म्हणून तर रेडिओ पाहिजे. होता तसा लावायचा, तेवढ्याच आवाजात. पोरगी विहिरीतून हाक मारणार. ऐकू येतं का न्हाई ते एकदा बघायचं. आवाज तुम्ही वाढवला तर मी खोटाच सुटंन. कमी केला तर खोटाच अडकंन."

तेव्हा मला त्या अटीचा अर्थ कळला. लोक जुना रेडिओ हौसेनं नीट करून घेतात, आठवण म्हणून घेतात. साक्षीला उभा करायला कुणी घेतलेला मी बघितला नव्हता. मी काम घेतलं.

युक्तीनं करायचं म्हणजे कसं, तेही सांगतो. तळाला चहाच्या खोक्याची फळी बसवली, लाख आणि स्पिरीटचं पॉलिश घासून घासून जुन्या रंगाशी मिळवली. स्पीकरचा फाटका कागद पतंगाच्या कागदानं आणि खळीनं सांधला. डायलला गळाची दोरी ओवली. समोरचं कापड जाड लावलं तर आवाज दबतो, म्हणून जुन्या मलमलीचा तुकडा चहात उकळून काढला. कंडेन्सर सगळे मेलेले. त्यांची मेणाची कवचं तशीच ठेवली, आतला गाभा काढून नवीन बारके कंडेन्सर घातले आणि तोंडं मेणानं बुजवली. बघणाऱ्याला वाटावं, हात लागलेलाच नाही. मोठी बॅटरी बाजारातून कधीच गेलेली. छोट्या ट्रान्झिस्टरच्या चौकोनी बॅटऱ्या ओळीनं जोडून जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवल्या. दाब मूळच्या बॅटरीएवढाच ठेवला, कारण आवाज त्याच्यावर असतो.

राहिले व्हॉल्व्ह. ते तपासायचं यंत्र आमच्या भागात उस्तादांकडंच होतं. व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून नांदेडला गेलो. उस्ताद आता थकले होते, पण बोटं तशीच. एकेक व्हॉल्व्ह यंत्रात खोचून सुई बघत होते. सगळे जिवंत निघाले. एकावर त्यांनी नखानं टिचकी मारली तशी यंत्राला जोडलेल्या स्पीकरातून टण्णकन आवाज आला आणि रेंगाळत राहिला.

"इस कू कान हैं," उस्ताद म्हणाले. "खाली आवाज देताच नै, आवाज सुनता भी. बदल दे."

असे व्हॉल्व्ह असतात. आतली जाळी सैल झाली की बाहेरचा धक्का, बाहेरचा आवाज त्यात शिरतो आणि स्पीकरातून निघतो. मी म्हटलं, "बदलता येत नाही, उस्ताद. होता तसाच पाहिजे म्हणतात." आणि सगळी हकिगत सांगितली.

ते ऐकत राहिले. मी मनातलं बोललो, "एक रेझिस्टर बदलला तर आवाज वाढेल. बिचारा म्हातारा सुटेल, पोरगी पाया पडेल. कुणाला कळणार आहे?"

उस्तादांनी व्हॉल्व्ह कापसात परत गुंडाळला. "झूटा बाजा नक्को बना. वो औरत इत्ते साल से जवाब के वास्ते खड़ी है. तू बीच में नक्को आ."

"मर गई वो, उस्ताद."

"मैं क्या बोला, जिंदा है?" एवढंच बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

रेडिओ तयार झाला, अप्पांना निरोप धाडला. दुकानात लावून दाखवला. हैदराबादकडचं स्टेशन खरखरत लागलं, आमच्या दुकानाचं अर्थिंगही कोरडं होतं. अप्पांनी डोळे मिटले. हात पुढं करून चाचपत बटण शोधलं, थोडं फिरवलं, आणखी थोडं, आणि थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "ह्योच," म्हणाले. "ह्योच आवाज." मग डोळे न उघडताच म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बी चला गावाला. तुम्ही तिऱ्हाईत माणूस. माझ्या कानावर पोरगी इस्वास ठेवणार न्हाई, तुमच्या ठेवंल."

नाही म्हणायला हवं होतं असं अजूनही कधी कधी वाटतं. पण गेलो. रेडिओ मांडीवर घेऊन एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना रान भाजून निघालेलं, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. गावात शिरलो तर रस्त्यावर कुत्रंही नाही. सगळं गाव टँकरकडं गेलेलं.

महानंदा दारातच उभी होती. सडपातळ, सावळी, डोळे स्थिर. मला म्हणाली, "काका, पाणी घ्या." त्या दिवसांत पाणी घ्या म्हणणं म्हणजे जेवा म्हणण्यापेक्षा मोठं होतं. मी घोटभरच प्यालो. बापाकडं ती बघत नव्हती.

परसात गेलो. विहिरीच्या काठावर हिरवी पडलेली तांब्याची तार दिसली. काठावरून खाली उतरलेली, बाहत्तरपासून तशीच. कुणी काढली नव्हती. मी वाकून ओढून बघितली तर सुटेना. तळाच्या वाळलेल्या गाळात गडू रुतून बसला असावा. विहीर कोरडी ठक्क, तळाला नुसती पोपडे सुटलेली माती. वरून हाक मारली की परत येईल अशी खोल. महानंदा माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही खरं सांगणार ना?"

"पोरी, मी कानावरच पोट भरलं. खोटं कशाला सांगू?"

"मी घागर घेऊन उतरणार. गडूवर पाणी वतणार. रेडिओ साफ लागला की अप्पा आवाज वाढवतील. मग मी आईच्या पायरीवरनं हाक मारीन. आई मारायची तीच."

टँकरच्या पाण्याची घागर तिनं कमरेवर घेतली. प्यायचं पाणी ते. मी आत आलो, जुनी तार रेडिओला जोडली. रेडिओ त्याच्या जुन्या कोनाड्यात ठेवला होता. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन अजून होता, त्यात तो बरोबर बसला. अप्पा समोर घोंगडीवर, मी त्यांच्या शेजारी. परसाचं दार उघडं, बाहेर टळटळीत ऊन आणि आवाज म्हणाल तर पाखराचाही नाही.

बटण दाबलं. खरखर. नुसती खरखर, मध्येच कुठं तरी खोल गेलेलं गाणं. अप्पा डायलकडं बघत होते. मी दाराकडं. महानंदा पायऱ्यांकडं वळताना दिसली, मग काठाआड गेली. खरखर चालूच. मग ती कमी व्हायला लागली. आधी काठांवरची, मग आतली, आणि एकदम सगळी गेली. बाईचं गाणं कोनाड्यातून असं निघालं की जणू शेजारी बसून गात होती. इतकं साफ मी माझ्या हयातीत कुठल्या बॅटरीच्या रेडिओवर ऐकलं नाही. अप्पांचा हात उचलला गेला आणि त्यांनी बटण फिरवलं, जिथं थांबायचं तिथं थांबले. उत्तर द्यायच्या आधी बटण. उस्तादांची चपराक कानात झणझणली.

आणि हाक आली.

"आलं का ओ?"

साधी हाक. किंकाळी नव्हे, रडणं नव्हे. हातात काही तरी धरून, मान वर करून एखादी बाई विचारते तशी. थोडी दमलेली. गाण्याच्या खालून आली, पण आली. मला ऐकू आली, स्वच्छ. मी अप्पांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

"आलं का ओ?" पुन्हा.

अप्पा उठले. म्हातारा माणूस, उठायला भिंत धरायचा, तो ताडकन उठला आणि सगळ्या अंगानं ओरडला, "आलं! आलं गं! लई साफ आलं! आता उतरू नको! वर ये तू, वर ये!" आणि परसाकडं धावत सुटले. मी त्यांच्या मागं.

महानंदा वरच्याच पायरीवर बसली होती. दोन्ही पाय पोटाशी घेऊन, घागर मांडीत धरून. घागर काठोकाठ भरलेली. पायरी कोरडी.

"अप्पा," ती म्हणाली, आणि तिचे दात वाजत होते त्या उन्हात, "मी न्हाई हाक मारली. माझा पायच उतरंना. मी इथंच बसले. मी न्हाई मारली हाक."

अप्पा तिथंच मटकन बसले. मागं घरात गाणं चालूच होतं, साफ, खणखणीत. मला ते बंद करावं असं वाटलं आणि आत जायची छाती झाली नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

मग महानंदानं विचारलं. आवाज अगदी बारीक. "अप्पा, तुम्ही कुणाला उत्तर दिलं?"

म्हातारा रडायला लागला. तोंड झाकायचंही भान नव्हतं. "ऐकू येतं गं," म्हणाले. "सगळं ऐकू येतं इथनं. त्या दिवशी बी आलं होतं. गाणं साफ लागलं म्हणून मी गप बसलो. म्हणलो, येईल वर, सांगू मग. एवढंच गं, महानंदा. एक शबूद बोलायचा होता मला. तू खरी होतीस, पोरी. तू बारकी होतीस पर तूच खरी होतीस."

तिनं घागर खाली ठेवली. मग तिनं बापाच्या हातांची ओंजळ केली आणि त्यात पाणी ओतलं. "प्या," म्हणाली. ते पिईनात तशी तिनंच ओंजळ त्यांच्या तोंडाला लावली. नंतर वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच राहिली.

मी विहिरीत उतरलो. हट्टानं उतरलो. माझा धंदा असा की आवाज आला तर तार कुठं तरी लागलेली असते, एवढं मला माहीत. तळाशी सगळी माती फुटून पापुद्रे झालेली, पण गडूभोवतीची तळहाताएवढी जागा ओली होती. बोट लावलं, गार लागलं. कुठून तरी झिरपलं असेल. दुष्काळातही जमिनीच्या पोटात एखादी शीर जिवंत असते. म्हणजे गाणं साफ का लागलं ते मी सांगू शकतो. व्हॉल्व्हला कान होते, विहिरीतला आवाज त्यात शिरला असेल, तेही सांगू शकतो. आवाज कुणाचा, हे मला कुणी विचारू नये. पोरगी बापाला अप्पा म्हणते. "ओ" म्हणून नवऱ्याला हाक मारतात. हे माझ्या ध्यानात आलं ते वर चढताना, आणि मग उरलेल्या पायऱ्या मी चढलो नाही, धावलो.

निघताना अप्पा एसटीच्या थांब्यापर्यंत आले. महानंदा त्यांचा हात धरून होती. माझी गाडी धुरळा उडवत दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला बी ऐकू आलं ना? का माझ्याच मनातलं होतं?"

नाही म्हणालो असतो तर त्यांना पळवाट राहिली असती. पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिसरंही कुणी तरी उत्तराची वाट बघतंय असं मला त्या रस्त्यावर वाटलं.

"हाव, अप्पा," मी म्हटलं. "आलं."

महानंदाचं लग्न झालं. दर पंचमीला ती माहेरी यायची, बापाच्या हातचं खाऊन जायची. अप्पा गेले तेव्हा तिनं तो रेडिओ माझ्याकडं आणून दिला. "काका, घरात ठेववंना आन् टाकवंना," म्हणाली. माझ्या फळीवर आहे. बॅटरी नाही, एरियल नाही, तार नाही. नुसतं लाकूड आणि काच.

आता दुकान बंद आहे. पत्र्यावर कुणी चढत नाही. डिश बसवणारी पोरं एकमेकांशी मोबाईलवर बोलतात. मी दुपारी ओसरीवर पडलेला असतो. कधी बायको मागून काही विचारते, कधी गल्लीतून कुणी तरी हाक मारतं, कधी नुसताच भास होतो. बायको हसते माझ्यावर, म्हणते, "कुणाला ओ देऊन राहिलात?" हसू दे. मी आधी उत्तर देतो, मग उठून बघतो कोण आहे ते.